परभणीच्या जमिनीला चुना नको, तपासणी हवी

आम्लयुक्त जमिनीत चुना टाकला की उत्पादन वाढते, हे खरे. पण हा सल्ला कोकणातल्या जांभ्या जमिनीचा आहे. तिथे मुसळधार पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जाते, सामू सहाच्या खाली उतरतो आणि ॲल्युमिनियम मुळांना बाधू लागते. चुन्याने सामू वर येतो, मुळे मोकळी वाढतात आणि घातलेले खत पिकाला लागू पडते.

परभणीची गोष्ट उलटी. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या इथल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो आणि अनेक शिवारांत मुळातच चुनखडी असते. अशा मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, की ती फसफसते. तिथे आणखी चुना टाकणे म्हणजे पैसे घालून दुखणे वाढवणे.

नीट समजून घ्यावी अशी बाब म्हणजे स्फुरद दोन्हीकडे अडकते. कोकणात लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, तर परभणीत कॅल्शियम. शिवाय चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाहीत.

सोयाबीनमध्ये हे डोळ्यांना दिसते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. पाऊस लागून राहिला आणि वाफसा मोडला, की पिवळेपणा वाढतो. अनेकजण घाईने युरिया फेकतात. पण नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. शेंडा पिवळा पडणे ही लोहाची हाक आहे. त्यावर साचलेले पाणी काढून द्यावे आणि ०.५ टक्के फेरस सल्फेट फवारावे. पुढच्या हंगामासाठी भरपूर शेणखत घालावे, स्फुरद न फेकता बियाण्याखाली पेरून द्यावे आणि जस्त कमी आढळल्यास झिंक सल्फेट द्यावे.

हे सारे ठरते माती तपासणीवर. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकाही मिळते. उन्हाळ्यात बांध, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा टाळून, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन माती गोळा करा. ती मिसळून अर्धा किलो नमुना द्या. खरिपाचे खत विकत घेण्याआधी हा अहवाल हातात असू द्या.