केबल तुटली, खड्डा कुठे घ्यायचा?



ग्रामपंचायतींना काचतंतूच्या केबलने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. अशा केबली आता रस्त्याकडेने, बांधालगत गेल्या आहेत. फाळाने किंवा जेसीबीने केबल तुटली की माणसे यंत्र घेऊन येतात आणि "इथं खणायचं" म्हणतात. तिथे उभा ऊस असला की वाद होतो. म्हणून ते यंत्र काय सांगते, ते आपण समजून घेऊ.

डोंगराकडे हाक मारली की पडसाद येतो. डोंगर जितका लांब, तितका पडसाद उशिरा. 'ओटीडीआर' नावाचे हे यंत्र तंतूत प्रकाशाची हाक मारते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे १ किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचा सुमारे एक लाखावा भाग लागतो. त्यावरून अंतर निघते.

पडद्यावर उतरती रेघ दिसते. तंतू वितळवून जोडला असेल तिथे बहुधा लहान पायरी पडते. कनेक्टर असेल तिथे टोकदार उंचवटा येतो. रेघ एकदम तळाला जाते तिथे तंतू तुटला किंवा संपला. मात्र तंतू चिरडून तुटला तर उंचवटा येतोच असे नाही. उलट जवळच्या मोठ्या उंचवट्याचा खोटा पडसाद दुप्पट अंतरावर उमटू शकतो. त्याला 'भूत' म्हणतात. तिथे रेघेला पायरी नसते. त्या जागी खणले तर ऊस जाईल, तूट सापडणार नाही.

मुख्य गोष्ट अशी, की यंत्र काचेची लांबी मोजते, जमिनीची नव्हे. जोडाच्या खड्ड्यांत केबलची वेटोळी ठेवलेली असतात, आणि आतला तंतूही केबलपेक्षा थोडा लांब असतो. म्हणून जमिनीवर तूट आकड्याच्या अलीकडेच सापडते.

तरी सभासदांनी माणसांना अडवू नये, पण दोन प्रश्न जरूर विचारावेत. जवळच्या कोणत्या जोडापासून मोजले? दुसऱ्या टोकाकडून मोजून पाहिले का? दोन्हीकडचे मोजमाप एका जागी आले, तर खड्डा एकच पुरतो. आपल्याच फाळाने केबल तुटली असेल तर जागा लगेच दाखवावी. त्यात आपलाच ऊस वाचतो. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.