संधिशोथ

संधिशोथ : एका किंवा अनेक सांध्यांत सूज, वेदना, ताठरपणा व हालचालीस अडथळा निर्माण करणाऱ्या विकारांचा गट. व्यवहारात यास सरसकट ‘संधिवात’ म्हणतात. तथापि हा एकच रोग नसून यात शंभराहून अधिक विकारांचा समावेश होतो. त्यांची कारणे भिन्न असल्यामुळे उपचारही भिन्न असतात. आयुर्वेदीय ग्रंथांतही असा भेद केलेला आढळतो : चरकसंहितेत ‘वातरक्ता’चे स्वतंत्र विवेचन असून माधवनिदानात ‘आमवाता’वर वेगळे प्रकरण आहे.

सांध्याची रचना : चल सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. सांध्याभोवतीच्या कोशास आतून संधिकला नावाचे पातळ पटल असते व त्यातून स्रवणारा संधिद्रव वंगणाचे काम करतो. विकार कूर्चेत सुरू झाला की संधिकलेत, यावर त्याचे स्वरूप बरेचसे अवलंबून असते.

प्रकार : (१) अस्थिसंधिशोथ : हा सर्वांत सामान्य प्रकार होय. यात कूर्चा झिजते व हाडांच्या कडांना अस्थिकंटक फुटतात. उतारवय, स्थूलता, जुनी दुखापत व आनुवंशिकता ही प्रमुख कारणे आहेत. दीर्घकाळ उकिडवे बसून केलेल्या कामाने गुडघ्यांवर विशेष भार पडतो. वसई परिसरातील भातलावणी किंवा अर्नाळ्यासारख्या कोळी वस्तीतील मासळी निवडण्याचे काम ही याची उदाहरणे होत. वेदना श्रमाने वाढतात व विश्रांतीने कमी होतात. सकाळचा ताठरपणा सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

(२) संधिवाताभ संधिशोथ : यात शरीराची प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच संधिकलेवर आघात करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा दोन ते तीन पट अधिक आढळतो. दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजतात आणि सकाळचा ताठरपणा बहुधा तासाहून अधिक टिकतो. सुजलेली संधिकला कूर्चा व हाड कुरतडू लागते. ही हानी पहिल्या एकदोन वर्षांतच होऊ शकते व एकदा झाल्यावर भरून येत नाही.

(३) गाऊट : रक्तातील यूरिक अम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. पायाच्या अंगठ्यात एकाएकी, अनेकदा रात्री, असह्य वेदना सुरू होतात.

(४) संक्रामणजन्य संधिशोथ : सूक्ष्मजंतूंमुळे सांध्यात पू झाल्यास थोड्या दिवसांत सांधा नष्ट होऊ शकतो. क्षयाचे जंतू मात्र तो सावकाश पोखरतात. चिकुनगुन्या या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणुजन्य तापानंतर सांधेदुखी कित्येक महिने टिकू शकते. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शी (जि. सोलापूर) येथे या तापाची साथ आली होती व २००६ मध्ये तो राज्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला.

प्रसार : पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा सर्वेक्षणास प्रारंभ झाला. त्यात तपासलेल्या चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू किंवा पाठ यांच्या वेदना होत्या. अस्थिसंधिशोथाचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर संधिवाताभ संधिशोथाचे सुमारे अर्धा टक्का आढळले. दुखणाऱ्या बहुसंख्यांत हे मोजके रुग्ण सहज दुर्लक्षिले जातात. उलट तातडीच्या उपचारांची गरज त्यांनाच अधिक असते.

निदान : रुग्णाची हकीकत व सांध्यांची तपासणी यांस प्रथम महत्त्व असते. क्ष-किरण चित्र, रक्ताचा अवसादन वेग, संधिवाताभ घटक, सीसीपी-विरोधी प्रतिपिंड व यूरिक अम्ल यांच्या चाचण्या पूरक ठरतात. संधिवाताभ घटक निरोगी व्यक्तींतही आढळू शकतो; म्हणून केवळ त्यावरून निदान करीत नाहीत. पू किंवा स्फटिक यांची शंका आल्यास संधिद्रव काढून तपासतात.

उपचार : अस्थिसंधिशोथात वजन घटविणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, काठीचा आधार व वेदनाशामके उपयोगी पडतात. सांधा निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवितात. संधिवाताभ प्रकारात वेदनाशामके पुरेशी नसतात. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनाचा नाट्यमय परिणाम दाखविला, परंतु त्याच्या दीर्घ वापराचे दुष्परिणाम लवकरच लक्षात आले. सांप्रत मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध असून ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. ते गर्भावस्थेत वर्ज्य असून उपचारकाळात रक्ताची नियमित तपासणी आवश्यक असते. त्याचा पुरेसा गुण न आल्यास जैविक औषधे देतात. ती देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते. गाऊटमध्ये तीव्र झटका शमविणे व नंतर ॲलोप्युरिनॉलासारख्या औषधाने यूरिक अम्ल कमी राखणे, असे दोन टप्पे असतात. पू झालेल्या सांध्यातील द्रव त्वरित काढून प्रतिजैविके द्यावी लागतात.

उष्णोदक स्नान : वसईच्या पूर्वेस तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे असून सांधेदुखीवर तेथे स्नान करण्याची जुनी प्रथा आहे. उष्णतेने स्नायू सैल होतात व वेदना काही काळ कमी होतात. जुनाट अस्थिसंधिशोथात हा आराम स्वागतार्ह असतो. संधिवाताभ प्रकारातील सांध्यांची हानी मात्र त्याने थांबत नाही. ताप असून सांधा लाल व गरम झाला असल्यास स्नानाऐवजी तात्काळ वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. सांध्यांची सूज व सकाळचा ताठरपणा सहा आठवड्यांहून अधिक टिकल्यास ते वयाचे दुखणे न मानता तज्ञाकडून निदान करून घेणे हिताचे असते.