विश्लेषण : लोकसभेला शून्य, विधानसभेला दहा! सहा महिन्यांत नगरचा मतदार खरंच फिरला का?

जून २०२४. लोकसभेच्या निकालात नगर जिल्ह्यातील दोन्ही जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. अहमदनगरमध्ये राष्ट्रवादी शरद पवार गटाचे नीलेश लंके यांनी भाजपचे सुजय विखे पाटील यांचा २८,९२९ मतांनी पराभव केला. शिर्डीत ठाकरे गटाचे भाऊसाहेब वाकचौरे ५०,५२९ मतांनी निवडून आले.

नोव्हेंबर २०२४. त्याच जिल्ह्यात विधानसभेच्या १२ पैकी १० जागा महायुतीने घेतल्या. आघाडीच्या वाट्याला आल्या फक्त श्रीरामपूर आणि कर्जत-जामखेड.

मतदार तेच, गावे तीच. मग सहा महिन्यांत असे काय घडले?

पहिले उत्तर : कांदा आणि लाडकी बहीण

लोकसभेच्या वेळी ग्रामीण नगरमध्ये नाराजी होती ती कांद्याची. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी घातली आणि ती उठवली ४ मे २०२४ रोजी. नगरमध्ये मतदान होते १३ मे रोजी. बंदी उठली तरी ४० टक्के निर्यातशुल्क कायम होते. सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, ते २० टक्क्यांवर आले.

त्याआधी जूनच्या अखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये. जुलै ते नोव्हेंबर असे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये, आचारसंहिता लागण्यापूर्वीच खात्यात जमा झाले. राज्यात महिलांचे मतदान २०१९ मधील ५९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. पुरुषांचेही वाढले, पण वाढ महिलांची जास्त. लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. विधानसभेला तो सुमारे १४ टक्क्यांवर गेला. म्हणजे लाट होती, हे नाकारता येत नाही.

पण फक्त लाटेने नगरचा निकाल पूर्ण उलगडत नाही.

२०१९ मध्येही असेच झाले होते, फक्त उलटे

मे २०१९ मध्ये सुजय विखे तब्बल २ लाख ८१ हजार मतांनी जिंकले होते. शिर्डीही शिवसेनेकडे गेली होती. पाच महिन्यांनी विधानसभेला मात्र भाजप-शिवसेना युतीला १२ पैकी अवघ्या ३ जागा मिळाल्या. राष्ट्रवादी ६, काँग्रेस २ आणि नेवाशात शंकरराव गडाख. तेव्हा लाडकी बहीण योजना नव्हती. लोकसभेला देश बघायचा आणि विधानसभेला तालुका, हा हिशेब नगरचा मतदार आधीपासून करत आला आहे.

मतदार बदलला की आमदाराने बाजू बदलली?

२०१९ आणि २०२४ च्या विजेत्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की खरी गंमत दिसते. अकोल्याचे किरण लहामटे, कोपरगावचे आशुतोष काळे आणि नगर शहराचे संग्राम जगताप हे तिघे २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे आमदार होते आणि २०२४ मध्येही तेच निवडून आले. मधल्या काळात पक्ष फुटला आणि ते अजित पवारांसोबत गेले. मतदाराने त्याच माणसाला मत दिले, पण कागदावर जागा एका बाजूकडून दुसरीकडे गेली. शिर्डीत राधाकृष्ण विखे आणि शेवगावात मोनिका राजळे यांनी जागा राखली. श्रीगोंद्यात बबनराव पाचपुते यांच्या जागी त्यांचे पुत्र विक्रम आले.

म्हणजे महायुतीच्या दहापैकी सहा जागांवर माणूस किंवा घर जुनेच आहे. खरा उलटफेर झाला तो चार ठिकाणी : संगमनेर, नेवासा, राहुरी आणि पारनेर.

त्यात सर्वात मोठा धक्का संगमनेरचा. १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात २०१९ मध्ये ६२ हजारांच्या फरकाने जिंकले होते. २०२४ मध्ये शिंदे गटाच्या अमोल खताळ यांनी त्यांना १०,५६० मतांनी हरवले. खताळ यांच्या मागे विखे यांची यंत्रणा होती. साखर कारखाने, दूध संघ, शिक्षण संस्था यांच्या जोरावर चालणारे थोरात-विखे वैर जिल्ह्याला नवे नाही. लोकसभेच्या पराभवाची परतफेड म्हणूनही या निकालाकडे पाहिले गेले.

दीड हजार मतांचा खेळ

पारनेर हा लंके यांचा घरचा मतदारसंघ. २०१९ मध्ये ते इथून ५९,८३८ मतांनी आमदार झाले, लोकसभेलाही इथे त्यांना मोठी आघाडी होती. विधानसभेला त्यांच्या पत्नी राणी लंके उभ्या राहिल्या आणि अजित पवार गटाचे काशिनाथ दाते यांच्याकडून १,५२६ मतांनी हरल्या.

इथे एका चिन्हाचा विषय येतो. शरद पवार गटाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. लोकसभेला दुसऱ्या एका उमेदवाराला पिपाणीसारखे दिसणारे चिन्ह मिळाले आणि मतदान यादीत त्याचेही नाव ‘तुतारी’ होते. नगरमध्ये या चिन्हाने हजारो मते घेतली, तरी लंके तरले. विधानसभेपूर्वी आयोगाने त्या चिन्हाचे नाव बदलून ‘ट्रम्पेट’ केले, पण ते यादीत राहिले. पारनेरमध्ये या चिन्हाला पडलेली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. ही सगळी मते चुकूनच पडली असे म्हणता येणार नाही. मात्र फरक इतका कमी असेल तर चुकलेले बटणही निकाल फिरवते.

श्रीगोंद्यात कारण वेगळे. जागावाटपात हा मतदारसंघ ठाकरे गटाकडे गेला आणि शरद पवार गटाचे माजी आमदार राहुल जगताप यांनी बंडखोरी केली. जगताप आणि ठाकरे गटाच्या अनुराधा नागवडे यांच्या मतांची बेरीज विजयी पाचपुते यांच्या मतांपेक्षा जास्त भरते. विधानसभेला ही मते फुटली. राहुरी आणि नगर शहरात मात्र तसे म्हणता येत नाही. लोकसभेत हरतानाही विखे तिथे पुढेच होते आणि विधानसभेलाही महायुतीने तिथे ३४ हजारांहून अधिक मतांनी बाजी मारली.

आणि ईव्हीएम?

शंका दोन्ही बाजूंनी घेतली गेली. लोकसभेनंतर भाजपच्या सुजय विखे यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांच्या पडताळणीसाठी अर्ज केला. विधानसभेनंतर काँग्रेसचे थोरातही त्याच मार्गाने गेले. एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला हा हक्क मिळाला आहे. खर्च अर्जदाराने भरायचा.

लाट असूनही निसटलेली जागा

कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार आणि भाजपचे राम शिंदे यांना मिळून अडीच लाखांहून जास्त मते पडली. फरक १,२४३. दोनशे मतांमागे एक मत! ६२२ मतदारांनी दुसरे बटण दाबले असते तर जिल्ह्याचा निकाल ११-१ झाला असता. २०१९ मध्ये याच दोघांतला फरक ४३ हजारांचा होता. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच मतदारसंघात येते. राम शिंदेही तिथलेच. जिल्ह्याच्या ‘अहिल्यानगर’ नावाला केंद्राची मंजुरी ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या महिनाभर आधी आली, तरी शिंदे यांना जागा मिळाली नाही. निकालानंतर महिना पूर्ण होण्याआधी ते विधान परिषदेचे सभापती झाले.