वाळू खाली, पोयटा वर

नदीकाठची उभी दरड पाहिली की थर दिसतात : तळाशी गोटे आणि भरड वाळू, वर पिवळट-तपकिरी पोयटा. ही मांडणी पाण्याच्या वेगाची. पूर जोरात असतो तेव्हा गोटेही गडगडत जातात. वेग मंदावला की जड कण आधी बसतात. स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूकण मीटरभर खाली यायला दोन-तीन मिनिटे घेतो, ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात, तर ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीला तीन दिवस. म्हणून पूर ओसरल्यावर अंगणात उरतो तो गुळगुळीत चिखल. वाळू बहुतेक पात्राजवळच राहिलेली असते.

प्रत्येक पूर असा एक थर ठेवून जातो, पण पुढचा पूर तो खरवडूनही नेतो. त्यामुळे थर मोजून वर्षे काढायची घाई करू नये! नदीने पात्र बदलले, तर जुन्या वाळूवर पोयटा चढतो. प्रवरेकाठी नेवाशाला अशाच थरांतून अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. हसमुख सांकलिया यांनी तिथे १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले.

पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, पण त्याच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.