परदेशी शिकणाऱ्या लेकराला आधी विचारा, जेवलास का?

घोडेगावच्या बाजारात परवा ओळखीची एक ताई भेटली. तिचा मुलगा इंग्लंडला शिकायला गेलाय. जाताना वस्तीनं मिरवणूक काढली, विहारात सत्कार झाला. "सिस्टर, फोनवर नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणतो. पण व्हिडिओत गळ्याची हाडं दिसायला लागलीत हो," ती म्हणाली.

हे 'बरं आहे' मी ओळखते. नर्सिंगच्या डिप्लोमासाठी गाव सोडून हॉस्टेलवर गेले, तेव्हा पहिले तीन महिने मीही आईला हेच सांगायचे. मेसच्या पातळ आमटीवर वजन उतरलं, पाळी चुकली. पण वस्तीनं वर्गणी काढून पाठवलेली मुलगी 'मला इथं करमत नाही' म्हणणार कशी?

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण त्यांना मानवेना. थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. जागा मानवली नाही तर बदलायची, जोडीला माणूस शोधायचा, हे त्यांनी आधी केलं. अभ्यास तर केलाच.

आपण पोरांना ऐकवतो ती मात्र पुढची लंडनची गोष्ट. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, पोटात पावाचा तुकडा, रात्री भाजलेले पापड. गोष्ट खरी आहे. पण ती उपासमार त्यांनी खिशात पैसा नव्हता म्हणून सोसली, आपल्या लेकरांनी तिचा कित्ता गिरवावा म्हणून नव्हे. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. तो भत्ता त्याच्या जेवणाचा आहे. त्यातून गावाकडचा स्लॅब टाकायचा नसतो. हे काही आईबापांना कडू लागेल, लागू दे.

शरीराकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याच मुलखातलं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथली थंडी सोसली नाही, अन्न मानवलं नाही, क्षय जडला. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं.

आज आहे. तरी वस्तीत टीबी अजून लपवला जातो. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रात टीबीची तपासणी करावीच लागते, छातीचा एक्स-रे काढतात. म्हणून घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर अर्ज भरायच्या आधीच जुन्नर किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयात सगळ्यांनी दाखवून घ्या. डाग निघाला म्हणजे स्वप्न संपलं नाही. साधा टीबी साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत.

तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. पुष्कळ मुलं खर्चाच्या भीतीनं नोंदवत नाहीत. अरे, व्हिसा काढतानाच वर्षाला ७७६ पौंड आरोग्यासाठी भरलेत ना! डॉक्टरला दाखवायला वेगळे पैसे पडत नाहीत. अमेरिकेत तसं नाही, तिथं विम्याचा कागद आधी नीट वाचावा लागतो.

हिवाळ्यात तिकडे चार वाजता अंधार पडतो. आपल्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं, म्हणून आपल्यासारख्यांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, असं तिथलं सरकारच सांगतं. अंग दुखतं, झोप लागत नाही, उठावंसं वाटत नाही, वर्गात जायची भीती वाटते, असं दोन आठवडे चाललं तर तो आळस समजू नका. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोलायला सांगा. कुकर, डाळ, तांदूळ आणि खोलीतला एखादा जोडीदार असेल तर निम्मं दुखणं तसंच उतरतं. हे माझं हॉस्टेलवरचं अनुभवाचं बोल.

ताईला म्हटलं, पुढच्या फोनला मार्कांचं काढू नका. आज काय शिजवलंस, एवढंच विचारा. आणि नसेल करमत तर तसं सांग, वस्तीत कुणी हसणार नाही, हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.

रविवारी तिचा फोन आला. पोरगं आधी गप्प राहिलं, मग रडलं म्हणे. आठवडाभर ताप अंगावर काढत होतं आणि जीपीकडे नाव नोंदवलंच नव्हतं. सोमवारी नोंदवलं.