डावीकडे जायचंय? हँडल उजवीकडे वळवा!

कराड सोडून पाटण मागे पडलं की कोयनेच्या सोबतीने जाणारा रस्ता मोकळा मोकळा होत जातो. ऑक्टोबरची सकाळ होती. दोन्ही अंगांना पिकत आलेला भात, उतारांवर पिवळीधमक सोनकी, आणि माझ्याखाली नवीकोरी हिमालयन मोटारसायकल. एकच सिलिंडर, ४५२ सीसी, पेट्रोलसह वजन १९६ किलो. पहिलं सर्व्हिसिंग नुकतंच उरकलं होतं, आता जरा मोकळेपणाने रेस द्यायला हरकत नव्हती.

समोर-मागे कुणी नाही असं पाहून मी एक प्रयोग केला. तुम्ही सराईतपणे दुचाकी चालवत असाल तर तुम्हालाही करता येईल, फक्त रस्ता सरळ, कोरडा आणि रिकामा हवा. वेग ताशी ४०-५० ठेवायचा. मग डाव्या तळहाताने हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची, अगदी हलकेच. डावी मूठ पुढे गेली म्हणजे पुढच्या चाकाचं तोंड उजवीकडे झालं. मग गाडी कुठे जाईल? उजवीकडेच ना?

ती डावीकडे जाते!

पहिल्यांदा हे लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो. कारण याचा अर्थ असा, की सायकल शिकलो त्या दिवसापासून प्रत्येक वळणाची सुरुवात आपण उलट्या दिशेने हँडल वळवून करत आलो आहोत. दिवसातून कितीतरी वेळा! हातांना हे नेमकं ठाऊक आहे आणि डोक्याला त्याचा पत्ताच नाही.

हे होतं कसं? लहानपणी तळहातावर काठी उभी तोलून धरली असेल ना? ती काठी डावीकडे झुकवायची असेल तर हात कुठे न्यावा लागतो? उजवीकडे. बूड उजवीकडे सरकलं की शेंडा डावीकडे कलतो. मोटारसायकल म्हणजे तशीच एक काठी. चाकं हे तिचं बूड, आणि आपण, टाकी, मागे बांधलेल्या बॅगा हा शेंडा. चाकं क्षणभर उजवीकडे निसटतात आणि वरचा सगळा डोलारा डावीकडे पडू लागतो. पडू लागतो हेच म्हणायला हवं, कारण ते खरोखरच पडणं आहे. पण ते पुरं व्हायच्या आत पुढचं चाक डावीकडे वळतं, गाडी वळणाला लागते आणि पडणं तिथेच थांबतं. कललेल्या गाडीला जमिनीकडे ओढणारं वजन आणि वळताना बाहेर फेकलं जाण्याची ओढ, दोन्ही एकमेकांना तोलून धरतात.

किती कलायचं याचा हिशेबही चोख असतो. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० च्या वेगाने घ्यायचं तर साधारण ३० अंश. आता यात वजन कुठे आलं? कुठेच नाही! एकटे असा, नाहीतर मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना भरगच्च बॅगा असोत, कोन जवळपास तोच. वजन वाढलं की खाली ओढणारा जोर वाढतो, आणि बाहेर फेकणाराही तेवढाच वाढतो. शेवटी वजन दोन्हीकडून खोडलं जातं.

आणि हा सगळा तोल कशावर पेललेला असतो? टायर रस्त्याला टेकतात तेवढ्या दोन तुकड्यांवर. प्रत्येक तुकडा जेमतेम तळहाताएवढा. त्यातही एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाडी ताशी ८० ने पळत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी चक्क थांबलेला असतो, आणि चाकाचा माथा १६० ने पुढे धावत असतो. तो टेकलेला तुकडा स्थिर असतो म्हणूनच पकड मिळते. वळणावर खडी पसरलेली दिसली की पोटात गोळा येतो तो यासाठीच: तळहाताएवढ्या जागेखालचे चार खडे निसटले, की तो तुकडा घसरू लागतो.

मग प्रश्न उरतो तो पुढच्या चाकाचा. गाडी कलल्यावर ते योग्य बाजूला वळतं कसं? वर्षानुवर्षं उत्तर दिलं जायचं की फिरतं चाक भोवऱ्यासारखं वागतं, त्यामुळे. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून भोवऱ्याचा परिणाम मारून टाकला. सायकल तरीही चालवता आली. त्याने बोट ठेवलं दुसऱ्या कारणावर. पुढचं चाक हँडलच्या तिरक्या आसाच्या किंचित मागे जमिनीला टेकतं, त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं आपोआप दिशेला लागतं. चला, सुटलं कोडं!

नाही सुटलं. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या पाच संशोधकांनी एक चिमुकल्या चाकांची सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणामही नाही आणि खुर्चीच्या चाकाची युक्तीही नाही. ढकलून सोडली तर ती कुणी न बसता स्वतःला सावरत पुढे गेली. त्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. वजन कुठे किती आहे, यावरही तोल ठरतो असं त्यातून दिसलं. म्हणजे या सावरण्याला एकच एक कारण नाही, कारणांची मोळी आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतर चार दशकांनीही शास्त्रज्ञ सायकलचा तोल समजून घेत होते!

उलट्या हँडलची ही करामत फार आधी ज्याच्या ध्यानात आली होती, तो विल्बर राइट. विमानवाला. त्याचं नि भावाचं डेटन गावात सायकलींचं दुकान होतं. डावीकडे कसे वळता, असं तो सायकलस्वारांना विचारायचा, आणि कुणालाच नीट सांगता यायचं नाही. हवेत वळायचं तर विमानानेही सायकलसारखं कलायला हवं, आणि तोल चालवणाऱ्याच्या हाती हवा, हे दोघा भावांना पटलेलं होतं. १९०३ मध्ये ते उडाले.

कोयनानगरच्या अलीकडे मी थांबलो होतो. रात्रीच्या सरीचं पाणी रस्त्यात साचलेलं होतं. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवरून त्या डबक्यातून सपकन पुढे गेली आणि डावीकडे वस्तीच्या वाटेला वळली. कोरड्या डांबरावर ओल्या टायरची नागमोडी रेघ उमटली. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. डावीकडे वळण्याआधी ती रेघ बोटभर उजवीकडे गेली होती.