आगीवर गार होणारा फ्रिज

फिनिक्समधून भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन ग्रँड कॅन्यनला निघालेल्या मित्राचा पहिला फोन तासाभरातच आला. "अरे, फ्रिज बंद आहे. आवाजच करत नाही." दुसरा फोन दुपारी. "यातला गॅस संपलाय वाटतं. कुठे भरून मिळेल?" दोन्ही वेळा त्याचा अंदाज चुकला होता, पण दोष त्याचा नव्हता. आपण जन्मभर वापरला तो कॉम्प्रेसरचा फ्रिज, घुर्र करणारा. हल्लीच्या बऱ्याच कॅम्परमध्येही तसाच, 12 व्होल्टवर चालणारा फ्रिज येतो. पण मित्राच्या गाडीतला जुन्या घराण्यातला होता: गॅसवरही चालणारा आणि विजेवरही. त्याला फ्रिज समजण्यापेक्षा शेगडी समजलं, तर निम्मे घोटाळे टळतात.

आवाज नाही, कारण आत हलणारा एकही भाग नाही. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एवढंच असतं. खाली गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर पाण्यात विरघळलेला अमोनिया तापवतो. चहा उतू जाताना बुडबुडे त्याला पातेल्याच्या काठापर्यंत उचलतात ना, तसेच इथले बुडबुडे द्रव वर चढवतात. पंप तोच. सुटा झालेला अमोनिया वरच्या नळ्यांत थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सहवासात येऊन झपाट्याने वाफ होतो आणि होताना आतली उष्णता ओढून घेतो. माठ पाझरून पाणी गार करतो, त्याच जातीचं हे काम. शेवटी पाणी ती वाफ पुन्हा शोषून घेतं आणि फेरा चालू राहतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही युक्ती शोधली. हॉटेलच्या खोलीतल्या ज्या मिनीबारची झोपेत चाहूलही लागत नाही, तो बहुधा याचाच भाऊबंद. वीज नसलेल्या दवाखान्यांत लसी गार ठेवणारे रॉकेलचे फ्रिजही याच कुळातले.

आता "गॅस भरून घेऊ" याबद्दल. सिलिंडरमधला प्रोपेन हे फक्त इंधन. गार करणारा अमोनिया वेगळा, आणि तो कारखान्यातच सीलबंद केलेला असतो. तो कुठल्याही मेकॅनिककडे भरून मिळत नाही. गळती झालीच तर डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास येतो किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसते. तेव्हा फ्रिज बंद करायचा, गाडीतून बाहेर पडायचं आणि दारं-खिडक्या सताड उघडायच्या. त्यानंतर मागचं अख्खं युनिट बदलण्याला पर्याय नसतो.

गाडी जरा तिरकी उभी राहिली तर फ्रिजला काय फरक पडतो, असं वाटतं. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. या यंत्रात द्रव परत खाली येतो तो केवळ उतारावरून वाहत. गाडी एका अंगाला कलली की तो वाटेत साचतो, तापणारा भाग कोरडा पडतो आणि नळ्या गंजू नयेत म्हणून मिसळलेल्या क्षाराचे खडे होऊन वाट कायमची बुजते. अनेक मॉडेलांत बाजूला 3 आणि पुढेमागे 6 अंशांपर्यंतच कल चालतो. गवंड्याची छोटी पाणसळ फ्रिजच्या तळावर ठेवून पाहावी. चालत्या गाडीत चिंता नसते, कारण हिंदकळण्याने द्रव वाहता राहतो. तासन् तास एकाच कुशीवर उभी असलेली गाडी त्याला मारते.

वीज की गॅस? जिथे प्लग आहे तिथे वीज, गाडी चालू असेल तर 12 व्होल्ट, बाकी वेळी गॅस. लहान फ्रिजला गॅस दिवसाला साधारण 300 ते 400 ग्रॅम लागतो, म्हणजे 9 किलोची टाकी तीन आठवडे पुरते. मात्र इंजिन बंद करून 12 व्होल्टवर फ्रिज चालू ठेवणं म्हणजे बॅटरी पणाला लावणं. 10 ते 14 अँपिअर प्रवाह सतत ओढला जातो आणि 100 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार-पाच तासांत निम्मी उतरते. उलट, गॅसवर ठेवला म्हणजे बॅटरीशी संबंध संपला असंही नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या फ्रिजला गॅसवर असतानाही थोडा 12 व्होल्टचा पुरवठा लागतोच. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी मात्र ज्योत विझवायची. यात "दोन मिनिटांचं तर काम" चालत नाही.

मित्राचं दुपारचं दुखणं वेगळंच होतं. सकाळी फ्रिज सुरू केला आणि लगेच कोमट कोकची पेटी आत कोंबली. या फ्रिजला गार व्हायला सहा-आठ तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच सुरू करून ठेवावा आणि आत जाणाऱ्या वस्तू घरूनच गार करून न्याव्यात. शिवाय फिनिक्सचा उन्हाळा. असे बरेच लहान फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा 20 ते 25 अंश खाली नेतात. बाहेर 42 असेल तर दूध-दह्यासाठी तेवढं पुरत नाही. अशा वेळी आतला काटा जास्तीत जास्तवर फिरवून फारसं साधत नाही. फ्रिजची बाजू सावलीत उभी करा आणि बाहेरच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. उष्णता तिथूनच बाहेर पडायची असते. संध्याकाळी कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, 2100 मीटरवर, ज्योत पेटेनाच. विरळ हवेत असं होतं. तिथे विजेवर टाकणं हाच उपाय.

निगा थोडकी, पण शेगडीसारखीच. ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर काजळी धरतेय. बर्नरमध्ये कोळी जाळी करतात आणि मग ज्योत अडते. वर्षातून एकदा जाणकाराकडून बर्नर आणि धुराची नळी साफ करून घ्यावी. जेटचं बारीक भोक तारेने टोकरू नये. भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. दाराच्या रबरी पट्टीत कागद अडकवून ओढून बघावा. सहज निघाला तर गार हवाही तिथूनच निघते आहे.

गाडी उभी करून ठेवायची तर फ्रिज पुसून दार किलकिलं ठेवतात, नाहीतर बुरशी धरते. मित्राने दार घट्ट लावून गाडी परत केली. आत, नंतर त्याच्या बायकोला आठवलं, लसणाच्या चटणीचा अर्धा डबा होता.